थ्री-बीत डीआय इंजिन: का बसवलं, कसं बसलं

जीपचं इंजिन बदललंय म्हटल्यावर पहिला प्रश्न ठरलेला, "किती हॉर्सपॉवर?" आणि मी ६३ म्हटलं की समोरच्याचं तोंड बघण्यासारखं होतं, कारण त्याला वाटलेलं असतं एवढा खर्च, एवढी खटपट, गाडी इतके महिने गॅरेजला पडून, म्हणजे निदान शंभरच्या वर काहीतरी असणार. त्यात मी वर अजून सांगतो की ह्याच मॉडेलला कंपनीतून जे पेट्रोल इंजिन यायचं ते ७२ हॉर्सपॉवरचं होतं. मग पैसे घालून ताकद कमी केलीस का? कागदावर म्हणाल तर हो, कमीच केली. आणि मी एकदम खूश आहे. का ते सांगायलाच ही पोस्ट लिहितोय, लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

गाडी महिंद्राची सीजे थ्री-बी. आमच्या थोरल्या काकांनी सरकारी लिलावात घेतलेली, आता माझ्याकडे. ज्यांना जीपमधलं फारसं कळत नाही त्यांच्यासाठी, थ्री-बी म्हणजे ती उंच बॉनेटवाली जीप. महिंद्रानं १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेच्या विलीज कंपनीची जीप मुंबईत जुळवायला सुरुवात केली, त्या सुरुवातीच्या जीपा बसक्या बॉनेटच्या. मग विलीजनं हरिकेन नावाचं नवीन इंजिन काढलं, त्यात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये अशी उलटीपालटी रचना, त्यामुळं इंजिन उंच झालं, ते जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून सरळ बॉनेटच उचललं. दिसायला जरा डोकं वर काढून बघत असल्यासारखी. अमेरिकेत ती १९५३ ला आली आणि १९६८ ला बंद पण झाली, आपल्याकडं मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षं बनत राहिली. म्हणजे बघा, इंजिन मावत नाही म्हणून गाडी बदलायची ही परंपरा कंपनीनंच घालून दिलीय, आम्ही तर बिचारे फक्त पुढं चालवतोय.

आणि आपल्याकडं जीपचं इंजिन बदलणं ही काय हौशी लोकांची आत्ताची फॅशन नाही. १९७३ च्या तेल संकटानंतर पेट्रोल परवडेना झालं, तेव्हापासून गावोगावच्या गॅरेजमध्ये हेच चाललंय. सरकारी खात्याची जीप लिलावात निघायची, कुणीतरी घ्यायचं, पेट्रोल इंजिन काढून भंगारात आणि आत कुठलं मिळेल ते डिझेल. मॅटॅडोरचं, ट्रॅक्टरचं, नंतर प्युजोचं. मागं दोन बाकडी टाकली की झाली वडापला, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या खाजगी प्रवासी धंद्याला, तयार. सातारा सांगली कोल्हापूरच्या ज्या माणसानं लहानपणी वडाप जीपच्या मागच्या फळीवर लोंबकळत प्रवास केलाय त्यानं इंजिन बदललेली गाडी वापरलेलीच आहे, त्याला फक्त माहीत नव्हतं. आमच्या जीपला पण काकांनी त्याच काळात महिंद्राचं प्युजो डिझेल टाकून घेतलं होतं आणि आरसी बुकावर तशी नोंद पण करून घेतली होती. ह्या एका नोंदीचा मला पुढं किती उपयोग झाला ते खाली येईलच.

प्युजो म्हणजे एक्सडीपी ४.९०. चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचं बोअर, नावातच सगळं आहे. स्ट्रोक ८३, म्हणजे २११२ सीसी. फ्रान्सच्या प्युजोकडून लायसन्स घेऊन महिंद्रानं बनवलेलं, आणि त्या काळाच्या मानानं फार गोड इंजिन. ४५०० आरपीएमपर्यंत फिरतं, डिझेल असून हात लावला की पळणारं, आवाजही त्यातल्या त्यात सोज्वळ. सकाळी हीटर प्लग गरम करून घ्यायचे मग सेल्फ मारायचा. माझ्याकडं आलं तेव्हा त्याचं वय झालेलं होतं, बॅक मारत होतं (झिजल्यामुळं धूर उलटा बाहेर फेकत होतं), ऑइल खात होतं, त्यात इंजिनाचा दोष काही नाही, एवढी वर्षं माणूस तरी कुठं टिकतो. फुल इंजिन काम करून परत उभं करता आलं असतं. पण लायनर पिस्टन मिळतात तर नोझल मिळत नाहीत, नोझल मिळाल्या तर पंप दुरुस्त करणारा म्हणतो आता ह्याचं काम आम्ही घेत नाही. मी गाडी घेऊन राधानगरी दाजीपूरच्या बाजूला जातो, आंबा घाटात जातो, तिकडं काही झालं तर पार्ट कोल्हापुरात मिळून उपयोग नाही, बांबवड्याला मिळाला पाहिजे. हा माझा पहिला निकष.

मग नवीन कुठलं इंजिन टाकायचं ह्यावर जी चर्चा सुरू झाली ती अजून संपलेली नाही, इंजिन बसून गाडी चालायला लागली तरी लोक सल्ले देतायत. मित्रांचं म्हणणं स्कॉर्पिओचं २.६ सीआरडीई टाक, ११५ हॉर्सपॉवर, उडेल जीप. उडेल ना, उडेलच. एकाचं म्हणणं क्वालिसचं टोयोटा, २४४६ सीसी, कधी मरत नाही. हे पटण्यासारखं होतं, क्वालिसचं इंजिन टाकलेल्या जीपा मी चालवल्यात, मऊ लोण्यासारखं चालतं. आमचे मिस्त्री मामा, कोल्हापूरच्या उद्यमनगरच्या मागं त्यांचं गॅरेज, वय सत्तरीकडं, ते सगळं ऐकून घेत होते. मी विचारलं, "मामा, सीआरडी बसंल का हिच्यात?"

"बसंल की. काय बी बसतंय. पर ते बसल्यावर गाडीचं काय काय उठतंय ते बघ."

आणि मग त्यांनी बोटं मोजत सांगितलं. त्या इंजिनाला ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, आला, ईसीयूला वायरिंगचं अख्खं जाळं, सेन्सर, चावीतलं इमोबिलायझर, टाकीतून फिल्टरमधून सगळं स्वच्छ डिझेल लागणार, आणि एवढं करून गाडी गुडघाभर पाण्यात घातल्यावर एक कनेक्टर ओला झाला की तू तिथं उभा आणि स्कॅनर कोल्हापुरात. बरं ताकद एवढी आली की गिअरबॉक्स बदल, तो बदलला की ट्रान्स्फर केस (ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटणारी पेटी), मग प्रोपेलर शाफ्ट (तिथून चाकांकडं फेरा नेणारा दांडा), मग अॅक्सल. शेवटी तुझ्या काकांच्या जीपचं उरणार काय तर नंबर प्लेट.

तर शेवटी ठरलं ते महिंद्राचंच डीआय, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन. जुन्या बोलेरोला यायचं ते, २५२३ सीसी, टर्बोवालं. थारच्या जुन्या डीआय मॉडेलला पण हेच कुटुंब होतं. ह्याला पोरं नाक मुरडतात, ट्रॅक्टरचं इंजिन म्हणतात, आणि खरं सांगायचं तर ते काही चुकीचं बोलत नाहीत. ह्याचं बोअर साडेतीन इंच आणि स्ट्रोक चार इंच, करा हिशोब, २५२३ सीसी. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टरचं जे बीडी-१५४ इंजिन होतं त्याचं पण हेच माप, साडेतीन बाय चार. महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून १९६३ ला ट्रॅक्टर कंपनी काढली, बी-२७५ बनवायला लागले, तिथून हा वंश सुरू होतो. आमच्याकडं उसाच्या पट्ट्यात बी-२७५ माहीत नाही असा शेतकरी सापडायचा नाही. आता ट्रॅक्टरचं इंजिन ही शिवी कशी काय झाली मला कळत नाही. जीप म्हणजे तरी काय, शेतात आणि चिखलात जायची गाडी.

आता मूळ मुद्दा, हॉर्सपॉवर. जुनं हरिकेन पेट्रोल, ७२ हॉर्सपॉवर ४००० आरपीएमला, आणि टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, १५५ न्यूटन मीटरच्या आसपास, तो २००० ला. टर्बो डीआय ६३ हॉर्सपॉवर ३२०० ला, पण टॉर्क १८० च्या वर, आणि तो कधी, तर १५०० ते १८०० च्या पट्ट्यात, म्हणजे इंजिन अजून नीट जागं पण झालेलं नसतं तेव्हा. दगडावर चाक चढवताना, ओल्या तांबड्या मातीत गाडी हळूहळू काढताना, तुम्ही ४००० आरपीएमला कधी असता? कधीच नाही. तिथं जे बळ लागतं ते खालच्या आरपीएमचं. घाटात लालपरीच्या मागं अडकल्यावर पण तेच. हॉर्सपॉवर हा हायवेवरच्या लोकांचा आकडा आहे, आणि ८० इंच व्हीलबेसची, पत्र्याचे दरवाजे पण नसलेली जीप हायवेवर १२० नं न्यायची ज्याला हौस आहे त्यानं आधी विमा काढावा.

शिवाय माझ्या जीपला गिअरबॉक्स टी-९०, तीनच गिअर. तीन गिअरच्या गाडीत प्रत्येक गिअरमध्ये अंतर मोठं असतं, पहिला २.७९८, दुसरा १.५५१, तिसरा थेट. दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकलं की आरपीएम एकदम धपकन खाली येतो, आणि तिथं इंजिनात दम नसेल तर चढावर परत दुसरा टाकावा लागतो, मग परत तिसरा, असा खेळ चालतो. डीआयचा दम बरोबर तिथंच आहे. म्हणजे लोक म्हणतात तीन गिअर कमी पडतात, मी म्हणतो इंजिन बरोबर असेल तर पुरतात. पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर टाकताना वेग जुळवून घेणारी सोय) नाही ती कटकट मात्र आहेच, गाडी पूर्ण थांबवा नाहीतर डबल क्लच मारायला शिका.

बरं इंजिन कुठून आणलं. अपघातात गेलेल्या एका बोलेरोचं, आरसी रद्द झाल्याच्या कागदासकट आणि पक्क्या बिलासकट. कागद नसलेलं इंजिन निम्म्या किमतीत मिळत होतं आणि अशी इंजिनं नाना पेठेपासून कुर्ल्यापर्यंत हवी तेवढी मिळतात पण त्याच्या वाटेला जाऊ नका, इंजिन नंबर कुठल्या चोरीच्या गाडीचा निघाला तर पुढची सगळी हौस पोलीस चौकीत फिटते.

चेन पुली लावून जुनं इंजिन काढणं आणि नवीन खाली सोडून बघणं हे सगळ्यात सोपं काम. ते बघायला गल्लीतली दहा पंधरा माणसं जमतात, फोटो निघतात, सगळ्यांना वाटतं झालंच. खरं काम त्याच्या नंतर सुरू होतं आणि ते बघायला कुणी येत नाही.

सगळ्यात मोठं कोडं म्हणजे इंजिन नेमकं कुठं बसवायचं. थ्री-बीचा व्हीलबेस ८० इंच, त्यात इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस एकामागोमाग, आणि मग जी काय जागा उरते त्यात मागचा प्रोपेलर शाफ्ट. तो आधीच वीतभर म्हणावा एवढा. नवीन इंजिन लांब आहे म्हणून सगळं मागं सरकवलं तर जेवढे इंच मागं सरकाल तेवढे इंच त्या शाफ्टमधून जाणार, शाफ्ट आखूड झाला की त्याचा कोन वाढणार, कोन वाढला की क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा सांधा, खाणार, चार महिन्यांत कट कट आवाज चालू. आणि इंजिन पुढं ठेवलं तर फॅन जाऊन रेडिएटरला भिडतो. खाली ठेवलं तर ऑइल चेंबर पुढच्या अॅक्सलला लागतं, वर ठेवलं तर बॉनेट. त्यात इंजिनाला मागच्या बाजूला जरा कल द्यावा लागतो, नाहीतर शाफ्टचे दोन्ही टोकांचे कोन जुळत नाहीत. मामांनी ठरवून टाकलं की गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस कंपनीनं जिथं ठेवलंय तिथून केसभर पण हलवायचं नाही, इंजिन त्याला येऊन जुळेल, आणि जागा कमी पडली तर रेडिएटर पुढं जाईल, पण मागं काही जाणार नाही. इथं थ्री-बीचं ते उंच बॉनेट कामाला आलं, टर्बो आणि त्याचे पाइप आरामात मावले. बसक्या बॉनेटच्या जीपला हेच काम करताना लोक बॉनेट कापतात, ते बघवत नाही.

चेंबर अॅक्सलला लागतंय का हे गाडी सपाट उभी असताना बघून उपयोग नसतो. पुढच्या एका चाकाखाली जॅक लावून पाटा, म्हणजे पट्ट्यांची स्प्रिंग, पूर्ण वर दाबायचा, मग दुसरं चाक, मग दोन्ही, आणि प्रत्येक वेळी खाली झोपून फट बघायची. जीपचा पुढचा डिफरन्शियल गोळा उजवीकडं असतो, तो वर येतो तेव्हा नेमका कुठं येतो हे बघूनच फाउंडेशनची, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं त्या आधाराची, जागा ठरवायची. बरेच लोक हे करत नाहीत आणि मग पहिल्याच खड्ड्यात चेंबर फोडून घेतात. फाउंडेशन पण नुसतं लोखंडाचं अँगल वेल्डिंग करून नाही चालत, डीआय फार हलतं, विशेषतः चालू करताना आणि बंद करताना अख्खं इंजिन एक झटका मारतं, रबर चांगलं मऊ आणि मोठं लागतं. बोलेरोचेच रबर वापरले आणि ब्रॅकेट चासीला नवीन बनवले, चासीला भोकं पाडण्यापेक्षा जुन्या भोकांतच जेवढं होईल तेवढं केलं.

मग अॅडाप्टर प्लेट. डीआयच्या ब्लॉकला टी-९० सरळ लागत नाही, मध्ये एक जाड प्लेट लागते जिच्या एका बाजूला इंजिनाची भोकं आणि दुसऱ्या बाजूला बेल हाउसिंगची. ऐकायला सोपं वाटतं. पण ह्या प्लेटचा मध्य आणि क्रँकचा मध्य एकच पाहिजे, त्यात फरक राहिला तर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट वाकडा होऊन फिरतो आणि पायलट बेअरिंग (शाफ्टचं टोक धरणारं), मग क्लचप्लेट, मग गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग असं एकेक खात जातो, आणि कारण कुणाला सापडत नाही, लोक क्लचप्लेटवर क्लचप्लेट बदलत बसतात. इथं कोल्हापूरकर असल्याचा फायदा. उद्यमनगरात ऑइल इंजिन आणि पंप बनवून बनवून लोकांचे हात असे बसलेत की टर्नर नुसत्या बोटानं चाचपून सांगतो माप बाहेर आहे. फ्लायव्हीलवर डायल गेज लावून क्रँक हातानं फिरवला आणि काटा बघितला. पाच थाउच्या (एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आत पाहिजे असा मामांचा नियम, आमचा जास्त दाखवत होता. टर्नर म्हणाला चालतंय हो एवढं, जीप तर हाय. मामांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. प्लेट परत लेथवर गेली.

प्लेटच्या जाडीचा पण हिशोब असतो. जाड केली तर इनपुट शाफ्टचं टोक पायलट बेअरिंगपर्यंत पोचतच नाही, हवेत लटकतं. पातळ केली तर क्लच दाबायला जागा नाही. आम्ही पायलट बेअरिंगसाठी ब्राँझचा बुश वेगळा घडवून घेतला, जरा लांब. ह्या गोष्टी व्हिडिओत कुणी दाखवत नाही, तिथं दोन मिनिटांत इंजिन बसतं आणि गाणं लागतं.

बारीकसारीक कामं भराभर सांगतो. रेडिएटर बोलेरोचा घालायचा विचार होता पण ग्रिलच्या मागं रुंदीत मावत नव्हता, म्हणून जुनाच घेऊन त्यात जादा रांगांचा कोअर घातला आणि फॅनला पत्र्याचा काऊल केला. हा काऊल फार महत्त्वाचा, तो नसला की फॅन कडेची हवा ओढतो आणि घाटात चढताना गाडीचा वेग कमी, हवा कमी, काटा वर. सेल्फसाठी बॅटरी मोठी लागली. हीटर प्लगची वायरिंग काढून टाकली, डायरेक्ट इंजेक्शन असल्यामुळं आपल्या हवेत त्याची गरज पडत नाही, पन्हाळ्यावर थंडीत पण अर्ध्या सेल्फमध्ये चालू होते. डिझेलची टाकी सीटखालीच, तिला रिटर्न लाइनचं तोंड काकांच्या वेळीच पाडलेलं होतं. पेट्रोलवरून थेट डिझेलला येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, नोझलमधून उरलेलं डिझेल टाकीत परत आणायला वेगळी वाट लागते, पेट्रोलच्या जुन्या टाकीला ती नसते. पुढच्या पाट्यांना एकेक पान वाढवलं कारण हे इंजिन बिडाचा गोळा आहे नुसता. त्यामुळं स्टिअरिंग थोडं जड झालं, दंडांना व्यायाम.

ब्रेक. ह्यावर मात्र जरा थांबतो, कारण इंजिन बदलणाऱ्या दहातले निम्मे ह्याच्याकडं बघत नाहीत. जुन्या थ्री-बीला नऊ इंची ड्रम, बूस्टर वगैरे काही नाही, सगळा जोर पायाचा. इंजिन जड झालं, गाडी उतारावर जास्त ओढायला लागली, तर थांबवणार कशानं? मोठे ड्रम घातले आणि बूस्टर बसवला. बूस्टरला व्हॅक्यूम लागतो. पेट्रोल इंजिनात तो फुकट मिळतो, इनटेकमधून, डिझेलला थ्रॉटलच नसतो म्हणून तिथं व्हॅक्यूम तयार होत नाही, त्याला वेगळा पंप. बोलेरोच्या डायनॅमोच्या मागंच तो जोडलेला असतो, त्याच शाफ्टवर फिरतो, त्यामुळं इंजिन घेताना डायनॅमोसकट घ्या, विकणारा तो काढून वेगळा विकायला बघतो.

आता क्राऊन पिनियन, म्हणजे डिफरन्शियल गोळ्यातली गिअरची जोडी, आणि माझ्या मते ह्या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच. आमच्या जीपला मूळ ८/४३ ची जोडी, म्हणजे ५.३८, शाफ्टचे एवढे फेरे झाले की चाकाचा एक. हे ४००० च्या पुढं फिरणाऱ्या इंजिनाला ठीक होतं. ६.०० बाय १६ चं टायर एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जातं असं धरा, तर प्युजो ४५०० ला फिरवलं की कागदावर ११२ चा स्पीड निघतो. डीआय ३२०० ला संपतं. तीच जोडी ठेवली तर ८० ला गाडी किंचाळायला लागणार, आणि ६० नं चाललात तरी इंजिन २४०० वर, दिवसभर त्या आवाजात बसून बघा. म्हणून लोक एकदम दुसऱ्या टोकाला जातात, ११/४१ टाकतात, म्हणजे ३.७३, मग कागदावर ११५ निघतात. पण मग लो गिअरची वाट लागते. ट्रान्स्फर केसचा लो, म्हणजे हळू चालायचा जादा गिअर, २.४६, पहिला गिअर २.७९८, ह्यांचा गुणाकार ५.३८ शी केला तर ३७ येतो, ३.७३ शी केला तर जेमतेम २६. म्हणजे दगडात जिथं गाडी मुंगीसारखी गेली पाहिजे तिथं ती उड्या मारत जाणार आणि तुम्ही क्लच जाळत बसणार. मी मधली ८/३९ घेतली, ४.८८. वर ८८ पर्यंत जाते, मला बास. खाली गुणाकार साडेतेहतीस, आयडलवर सोडली तर ताशी तीन किलोमीटरच्या आसपास जाते, शेजारून माणूस गप्पा मारत चालू शकतो, आणि डीआयचा टॉर्क असल्यामुळं अॅक्सिलरेटरला पाय न लावता चढते. पाय न लावता! ह्यासाठीच तर केलं सगळं.

आणि हो, जोडी बदलायची तर पुढची आणि मागची दोन्ही. मागची एकटी बदलून पुढं जुनीच ठेवणारे महाभाग मी बघितलेत, म्हणे फोर बाय फोर कधीतरीच लागतं. ज्या दिवशी लागेल त्या दिवशी पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरायला बघणार, ट्रान्स्फर केसमध्ये सगळा ताण साठणार, आणि मग क्रॉस किंवा शाफ्ट, जे कमजोर असेल ते जाणार.

कायद्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी घ्यायची, आणि परवानगीशिवाय बदललं गेलं असेल तर १४ दिवसांत कळवायचं, असं त्यात आहे. शिवाय जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की उत्पादकानं ठरवलेल्या मूळ रचनेशी आरसीवरचं वर्णन जुळलं पाहिजे, वाटेल तसे बदल चालणार नाहीत. त्यामुळं मी आधी अर्ज केला, मगच चेन पुलीला हात लावला. माझ्या बाबतीत काकांची ती डिझेलची जुनी नोंद कामाला आली, इंधन तेच, मेक तेच, फक्त इंजिन नंबर बदलणार. क्वालिसचं टाकलं असतं तर ही फाइल किती टेबलांवरून फिरली असती कुणास ठाऊक. तुम्ही करणार असाल तर आपापल्या आरटीओत जाऊन आधी विचारा, गॅरेजवाला "होतंय सगळं" म्हणतो त्यावर विसंबू नका, दर पाच वर्षांनी पासिंगला गाडी न्यायची आहे तुम्हाला, त्याला नाही.

चालवायला कशी आहे? आवाज आहे. खूप आहे. बायको म्हणते गल्लीच्या तोंडाशी आलास की कळतं, पातेलं गॅसवर ठेवते. आयडलला आरसे थरथरतात, मागचं काही दिसत नाही, गिअर टाकून निघालं की मग दिसतं. प्युजोची ती पळायची हौस हिच्यात नाही, अॅक्सिलरेटर मुडपला तरी ही आपल्याच चालीनं जाते. पण वाघबीळ ते पन्हाळा मी तिसरा गिअर काढत नाही. ४५ ला दुसऱ्याचा तिसरा टाकला की आरपीएम अडीच हजारावरून सोळाशेवर येतो आणि तिथून गाडी परत उचलते, अगदी ठरवून दिल्यासारखी. फोंडा घाट उतरताना इंजिन ब्रेकिंग असं की ब्रेकवर पाय नुसता ठेवायला. पावसात मसाई पठाराकडच्या एका वाटेवर एक मोठी नवी चारचाकी रुतलेली, तिला आम्ही लो मध्ये मागं ओढून काढलं, त्यांचा मालक बॉनेट उघडून बघायला आला आणि म्हणाला, "हे तर बोलेरोचं!" म्हटलं व्हय.

टी-९० किती टिकेल हा प्रश्न आहे. तो बनला तेव्हा १५५ न्यूटन मीटरच्या इंजिनासाठी बनला, आता त्याच्यावर १८० पडतायत. म्हणून पहिल्यात असताना क्लच झटक्यात सोडायचा नाही, टर्बो भरलेला असताना तर अजिबात नाही. एक जास्तीचा इनपुट शाफ्ट आणि दोन क्रॉस सीटखालच्या पेटीत असतात. मामांचं म्हणणं आहे की गिअरबॉक्स मोडला तरी चालेल, तो खाली उतरवायला अर्धा दिवस लागतो, शाफ्ट आणि अॅक्सल वाचले पाहिजेत. मला हे अजून पूर्ण पटलेलं नाही पण वाद घालून उपयोग नसतो.

एक काम राहिलंय. स्पीडोमीटरची केबल ट्रान्स्फर केसमधून येते, तिला क्राऊन बदलल्याचं काहीच माहीत नाही, त्यामुळं काटा ५० दाखवतो तेव्हा गाडी खरी ५५ नं चाललेली असते. त्याचा छोटा गिअर बदलावा लागेल, दात मोजून ठेवलेत, कुणाकडं जुन्या जीपच्या ट्रान्स्फर केसचे स्पीडो गिअर पडून असतील तर कळवा, येऊन घेऊन जातो.